फोटोचे पैसे नेमके कशाचे?

एक वाचक लिहितात : त्यांचा मुलगा चौदा वर्षांखालच्या हौशी फुटबॉल संघात खेळतो. त्यांना फोटोग्राफीची जुनी आवड. गेले दोन हंगाम त्या प्रत्येक सामन्याला कॅमेरा घेऊन जातात, रात्री बसून फोटो निवडतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. सुरुवातीला दहा-वीस फोटो असायचे, सगळे कौतुक करायचे. आता सामना संपतो न संपतो तोच ‘ताई, फोटो कधी?’ असे मेसेज सुरू होतात. कोणाला आपल्या मुलाचा वेगळा फोटो हवा, कोणाला मोठी प्रिंट, कोणाला वाढदिवसाच्या आत फ्रेम करून. प्रशिक्षक म्हणाले, ‘तुम्ही पैसे घ्यायला लागा, आणि हंगामाचा ग्रुप फोटोही तुम्हीच काढा.’ ताईंनी ग्रुपवर विषय काढला, तर एका पालकांनी लिहिलं, ‘आपल्याच मुलांचे तर फोटो आहेत, त्याचे पैसे कसले?’ त्यावर बाकी सगळे गप्प. मग त्यांनी कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकून फोटो दिले, तर त्याचेच स्क्रीनशॉट फिरू लागले. त्या विचारतात : मी व्यावसायिक नाही, मग दर किती कमी ठेवू? एका फोटोला किती, फाइलला किती, प्रिंटला किती? ओळखीच्यांकडून पैसे घेणं बरं दिसतं का? की हे सगळं बंद करून फक्त माझ्या मुलाचे फोटो काढू?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बंद करायचं असेल तर खुशाल बंद करा. दोन हंगाम जे दिलंत ती तुमची भेट होती, आणि भेट थांबवायला कारण द्यावं लागत नाही. हे आधी सांगते, कारण पत्रभर तुम्ही दरांबद्दल विचारलंय, पण मला त्यात थकवा जास्त ऐकू आला. दमलेल्या माणसाने दरपत्रक लावलं की पैसे थोडे येतात आणि कामाची कटकट मात्र वाढते. तेव्हा फक्त सुटका हवी असेल तर सुटका करून घ्या. पण हे काम आवडतंय आणि ते नीट, मोकळेपणाने करायचंय असं मनापासून वाटत असेल, तर पुढचं वाचा.

‘मी व्यावसायिक नाही, मग किती कमी ठेवू’ हा प्रश्न उलट्या बाजूने विचारलाय असं मला वाटतं. फोटो विकत घेणारा तुमची पदवी विकत घेत नाही. त्याच्या हातात येतो त्याच्या मुलाचा फोटो. तो स्वच्छ आहे, चेहरा ओळखू येतोय, सांगितल्या दिवशी मिळाला, एवढंच तो पाहणार. व्यावसायिक माणसाचे पैसे जास्त असतात ते त्याच्याकडे दुसरा कॅमेरा तयार असतो, कार्ड खराब झालं तर दुसऱ्या कार्डावर प्रत असते, तो आजारी पडला तर बदली माणूस येतो, या भरवशाचे. हा भरवसा तुम्ही देऊ शकत नसाल तर तो देऊ नका, आणि तसं स्पष्ट सांगा. पण तेवढ्यासाठी स्वतःच्या रात्रीच्या तीन तासांची किंमत शून्य धरायचं कारण नाही.

आणि हे तास मोजलेत का कधी? सामना सव्वा-दीड तासाचा, पण तुम्ही मैदानावर दोन तास असता. घरी येऊन समजा ८०० फ्रेम कार्डातून उतरवल्या, त्यातल्या धूसर, पाठमोऱ्या, डोळे मिटलेल्या काढून टाकल्या, उरलेल्यांतून निवडल्या, उजेड सारखा केला, कापून सरळ केल्या, की दोन तास सहज जातात. मग चढवणं, नावं शोधणं, मेसेजना उत्तरं देणं, हा आणखी एक तास. म्हणजे एका सामन्याला पाच तास. हंगामात १२ सामने धरले तर ६० तास, आणि ग्रुप फोटोच्या दिवसाचे पाच मिळवले तर ६५. संघात १८ मुलं असतील तर एका मुलामागे तुमचे साडेतीन तासांहून थोडे जास्त जातात. तुमच्या एका तासाचं मोल काय, ते मी सांगू शकत नाही, ते तुम्ही ठरवायचं. पण या साडेतीन तासांना त्या मोलाने गुणा आणि येणारा आकडा एकदा कागदावर लिहा. बहुतेकांना तो पाहून धक्का बसतो आणि ते पहिली गोष्ट करतात ती म्हणजे तासाचं मोल खाली आणतात. तसं करू नका, तास कमी करा. १२ ऐवजी पाच सामने घेतले तर २५ अधिक ५, म्हणजे ३० तास होतात. मुलामागे एक तास चाळीस मिनिटं. पालकांना परवडणारी रक्कम झाली, तुमच्या कामाचा मानही राहिला, आणि उरलेल्या सात सामन्यांना तुम्ही इतर आईवडिलांसारख्या कडेला बसून खेळ पाहू शकता.

यात वस्तूंची झीजही धरा. निकॉन डी८५० सारख्या कॅमेऱ्याचं शटर २,००,००० उघडझापांसाठी तपासलेलं असतं, कॅनन ५डी मार्क ४ चं १,५०,००० साठी. १२ सामन्यांना ८०० प्रमाणे ९,६०० फ्रेम होतात, म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याच्या शटरच्या आयुष्याचा जवळपास विसावा भाग एका हंगामात खर्ची पडला. तेव्हा कॅमेऱ्याच्या किमतीचा विसावा भाग खर्चात मांडणं यात लोभ काहीच नाही; पाचच सामने घेतले तर तो त्याच प्रमाणात कमी धरा. कार्ड, साठवणुकीची डिस्क, येण्याजाण्याचा खर्च हे त्यावर. हा हिशेब कोणाला दाखवायची गरज नाही, पण तुमच्यापाशी असला की ‘पैसे कसले?’ या प्रश्नाने तुम्ही गडबडणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसले, तिच्याकडे येते. तुम्ही विचारता, एका फोटोला किती. माझं म्हणणं, एकेका फोटोला दर लावूच नका.

तुमच्या एखाद्या सामन्याचे सगळे फोटो उघडा आणि कोणत्या मुलाचे किती आहेत ते बघा. मला खात्री आहे, गोल मारणारा मुलगा ढिगाने असेल. मधल्या फळीतली दोघं-तिघं असतील. चेंडू समोरच्या अर्ध्यात असतो तेव्हा आपला गोलरक्षक एकटा उभा असतो, त्याच्याकडे कॅमेरा वळलेलाच नसतो. आणि शेवटच्या दहा मिनिटांत मैदानात उतरलेला तो बदली खेळाडू, त्याचे फोटो असतील तीन, त्यातल्या दोनांत फक्त पाठीवरचा क्रमांक. यात तुमचं चुकलं असं नाही. हौशीने फोटो काढताना नजर चेंडूच्या मागे जाणार, ते स्वाभाविक आहे. पण पैसे घ्यायला लागलात की हे चालत नाही. त्या बदली खेळाडूच्या वडिलांनीही तुमचे मेसेज वाचलेले असतात, आणि ग्रुपवर शंभर फोटो पाहून त्यात आपला मुलगा शोधत ते शेवटपर्यंत गेलेले असतात.

एकेका फोटोचा दर लावला की हा कल आणखी वाढतो. ज्याचे फोटो विकले जातात त्याच्याकडे भिंग आपोआप वळतं, कोणाच्या मनात वाईट नसताना वळतं. संघाच्या हौशी खेळात मला हे फार बोचतं. मुलं तिथे जी गोष्ट शिकायला येतात तिच्या अगदी विरुद्ध गोष्ट आपण फोटोंतून त्यांना सांगतो.

म्हणून माझा सल्ला : पैसे संघाचे म्हणून एकदाच घ्या, १८ घरांत सारखे वाटून, आणि त्याबदल्यात प्रत्येक मुलाला सारखं द्या. ‘हंगामात प्रत्येक मुलाचे किमान आठ चांगले फोटो, शिवाय ग्रुप फोटो’ असं लेखी वचन द्या. आठ म्हणजे चेहरा दिसणारे, नजर खेळात असलेले, त्याने स्वतः भिंतीवर लावावेसे वाटतील असे आठ. सामन्याला जाताना एका कागदावर १८ नावं आणि जर्सीचे क्रमांक लिहून खिशात ठेवा आणि मध्यंतरात खुणा करा. ज्याच्यापुढे खूण नाही त्याच्याकडे उत्तरार्धात वळा. गोलरक्षकासाठी दहा मिनिटं गोलच्या मागे किंवा बाजूला जाऊन उभ्या राहा. बदली खेळाडू कडेला शरीर गरम करत असतो तेव्हाचा फोटो अनेकदा गोलच्या फोटोपेक्षा बोलका येतो. प्रशिक्षकांना आधी सांगून ठेवलं तर कोण कधी उतरणार हे ते हळूच सांगतात.

तुम्ही जे पैसे घेणार ते माझ्या मते या कागदावरच्या खुणांचे. हौसेत आपण मनाला येईल तो फोटो काढतो, पैसे घेतले की ज्याच्याकडे नजर जात नाही त्याचाही काढायचा असतो. ही जबाबदारी खरी आहे, आणि तिचे पैसे मागायला लाज वाटायचं काहीच कारण नाही.

एकेका फोटोची विक्री सगळीकडेच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. मोठी स्पर्धा असेल, वीस-तीस संघ आले असतील, पालक तुमच्या ओळखीचे नसतील, तर ऑनलाइन गॅलरीत जर्सीच्या क्रमांकानुसार फोटो लावून ज्याला हवा त्याने घ्यावा, ही पद्धत तिथे सोयीची आहे. तिथे तुम्ही कोणाला काही कबूल केलेलं नसतं. असा सल्ला शोधणाऱ्या इतर वाचकांनी हा फरक ध्यानात घ्यावा : रोज भेटणाऱ्या माणसांशी एकरकमी ठराव, अनोळखी गर्दीशी सुटी विक्री. तिसरा मार्ग म्हणजे संघाने किंवा एखाद्या प्रायोजकाने पूर्ण रक्कम द्यायची आणि मुलांना सगळं मोफत मिळायचं. हा मिळाला तर सर्वांत उत्तम, फक्त प्रायोजकाची पाटी प्रत्येक फोटोत यायची की नाही हे आधी ठरवा.

आणि १८ पैकी बाराच घरं तयार झाली तर? इथे माझं मत ठाम आहे. पैसे न दिलेल्या सहा मुलांना गाळून बाकीच्यांचे फोटो काढायला जाऊ नका. मैदानावर ते जमत नाही आणि जमलं तरी मुलांना कळतं. अशा वेळी प्रशिक्षकांना सांगा की ही रक्कम संघाच्या हंगामी वर्गणीतच धरा, वेगळी मागू नका. तेही नाही झालं तर सामन्यांचा विचार सोडा आणि फक्त ग्रुप फोटो करा, तो ज्याला हवा त्याने मागवावा. एखाद्या घराला रक्कम झेपत नसेल तर ते प्रशिक्षकांना बहुतेक वेळा माहीत असतं. एक-दोन मुलांची सोय मूळ रकमेतच धरून ठेवा आणि ती कोणाची हे तुम्ही विचारूही नका.

फाइल आणि प्रिंट यांबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. प्रिंटला खर्च येतो म्हणून ती महाग, फाइलला काही लागत नाही म्हणून ती फुकट. खरं तर तुमचे सगळे तास फाइलमध्ये गेलेले असतात. प्रिंट लॅब काढते. तेव्हा हंगामाच्या रकमेत फाइल द्या, पूर्ण आकाराच्या द्या, आणि प्रिंट वेगळी ठेवा. प्रिंटची किंमत लॅबच्या दराच्या तिप्पट तरी असावी असं मला वाटतं. एक भाग लॅबचा. दुसरा भाग खराब निघालेल्या किंवा वाटेत दुमडलेल्या प्रती, पाकिटं, पुठ्ठा आणि ने-आण यांचा. तिसरा तुमच्या वेळेचा, कारण १८ घरांच्या वेगवेगळ्या प्रिंट नावाप्रमाणे लावून पाकिटात घालायला अख्खी संध्याकाळ जाते. आकार दोन किंवा तीनच ठेवा. सात आकार आणि चार प्रकारचे कागद ठेवले की पालक गोंधळतात आणि ‘नंतर सांगतो’ म्हणतात.

आकार ठरवताना एक गोष्ट सांभाळा, ती पहिल्यांदाच प्रिंट विकणाऱ्यांना हमखास नडते. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट जुन्या २४ × ३६ मिमी फिल्मच्या प्रमाणात असते, तीनास दोन. ४ × ६ आणि ८ × १२ इंचांची प्रिंट तिच्यात बरोबर बसते. ८ × १० मात्र बसत नाही; लांबीतले बारापैकी दोन इंच, म्हणजे सहावा भाग, कापावा लागतो. नऊ-नऊच्या दोन रांगा तुम्ही चौकट पूर्ण भरून टिपल्या असतील तर दोन्ही टोकांची मुलं जातात. मग ज्याचा चेहरा कापला गेला त्याच्या आईचा फोन येतो, आणि तो यायलाच हवा. ग्रुप फोटो काढताना दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडा. फाइलही मोठी लागते, ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ८ × १० प्रिंटला २४०० × ३००० पिक्सेल हवेत. आजच्या कॅमेऱ्यांत तेवढे असतात, पण खूप कापून मोठा केलेला गोलचा फोटो कमी पडू शकतो. तो लहान आकारातच विका.

ग्रुप फोटोच्या दिवसाबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण पैसे घेऊन केलेल्या कामातली तक्रार बहुधा याच दिवसाची असते. एकाचे डोळे मिटलेले निघतात. यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेतल्या निक स्वेनसन आणि पिअर्स बार्न्स यांनी गणित मांडलं होतं, त्याला २००६ चं इग् नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यांचा ठोकताळा सोपा आहे : वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तेवढे फोटो काढा. म्हणजे तुमच्या १८ मुलांचे उजेडात सहा, ढगाळ संध्याकाळी नऊ. मी म्हणेन, त्यावर आणखी चार काढा, कारण मुलं डोळे मिटण्याखेरीज बरंच काही करतात. सूर्य त्यांच्या पाठीशी किंवा बाजूला असू द्या, डोळ्यांत नको. टोप्या असतील तर सावली चेहऱ्यावर पडते, हलका फ्लॅश मारा. दोन-तीन रांगा असतील तर भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) एफ/८ च्या आसपास ठेवा, म्हणजे मागची रांग धूसर होत नाही. प्रत्येकाचा एकट्याचा फोटो घेणार असाल तर त्याच्या आधी त्याच्या नावाच्या कागदाचा एक फोटो घ्या. घरी आल्यावर कोणता फोटो कोणाचा याचा घोळ राहत नाही. उभं राहण्याचा क्रमही लिहून ठेवा. आणि त्या दिवशी एखादा मुलगा आजारी असेल तर ‘नंतर कॉम्प्युटरवर चिकटवते’ असं कबूल करू नका. एक राखीव दिवस आधीच जाहीर करा.

ऑर्डर आणि पैसे त्या दिवसाच्या आधी आलेले असावेत. आधी फोटो दाखवून मग कोण किती घेतो हे बघत बसलं की तुम्ही महिनाभर आठवणी करत राहता, आणि ओळखीच्या माणसाला तिसऱ्यांदा पैशांची आठवण करण्याइतकं अवघड काही नसतं. आणखी एक : पैसे तुमच्या हातात येऊ देऊ नका. संघाच्या व्यवस्थापकांकडे किंवा एखाद्या पालकाकडे जमू द्या, त्यांनी यादी करावी आणि तुम्हाला एकत्र द्यावेत. मग कोणी दिले, कोणी थकवले हे तुम्हाला कळायचंही कारण नाही आणि सामन्याच्या वेळी कोणाच्या मुलाकडे बघताना ते आठवायचंही नाही. क्लबने विक्रीतला वाटा मागितला तर द्यायला हरकत नाही, पण तो पालकांना सांगून द्या. गुपचूप दिलेला वाटा उघड झाला की बोल तुम्हालाच लागतो. नियमित पैसे येऊ लागले की ते उत्पन्न ठरतं, त्यावरच्या कराची चौकशी सुरुवातीलाच करा.

परवानगीचा विषय तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तो दरांहून महत्त्वाचा वाटतो. ही मुलं चौदा वर्षांखालची आहेत. घरच्या माणसांसाठी फोटो काढणं वेगळं आणि ते विकणं वेगळं. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा निव्वळ खासगी, घरगुती वापराला लागू होत नाही, पण विक्री सुरू झाल्यावर ‘हे घरगुतीच आहे’ असं म्हणणं अवघड जातं. तुमच्याकडे कायदा कोणताही असो, प्रत्येक घराकडून छोटीशी लेखी संमती घ्या : फोटो काढायला चालेल का, ग्रुपवर टाकायला चालेल का, तुमच्या कामाचा नमुना म्हणून बाहेर दाखवायला चालेल का. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं. एखाद्या घराला आपल्या मुलाचा फोटो कुठेच नको असतो, त्यामागे त्यांची कारणं असतात आणि ती विचारायची नसतात. क्लबचा किंवा स्पर्धेचा आधीच कोणा फोटोग्राफरशी करार आहे का, हेही एकदा विचारून घ्या.

हक्कांचंही तसंच. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत फोटो काढताक्षणीच त्याला कॉपीराइटचं संरक्षण मिळतं, नोंदणी करावी लागत नाही. पण तो हक्क कोणाचा, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये सहसा फोटो काढणाऱ्याचा. भारताच्या १९५७ च्या कायद्यात, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर काढून घेणाऱ्याचा. म्हणजे पैसे घ्यायला लागण्याने तुमच्या हक्काची स्थितीच बदलू शकते. वकील गाठायची गरज नाही, ठरावातच दोन वाक्यं घाला : पालक हे फोटो घरी, कुटुंबात आणि स्वतःच्या सोशल मीडियावर हवे तसे वापरू शकतात, जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी वापरायचे तर मला विचारावं.

हे एकदा ठरलं की स्क्रीनशॉटचा प्रश्न बराचसा विरघळतो. लोक कोपऱ्यातलं नाव कापून फोटो फिरवतात ते बहुधा तुम्हाला बुडवायला नाही. मुलाचा फोटो समोर दिसतो, विकत कसा घ्यायचा ते कोणी सांगितलेलं नसतं, मग हाताशी असलेला मार्ग ते घेतात. फोटोच्या मधोमध मोठं नाव टाकून मुलांचे चेहरे झाकू नका, ते पाहणाऱ्याला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. पैसे आधी आले असतील तर लपवायला काही उरतच नाही. प्रिंटच्या निवडीसाठी दाखवायचे फोटो लांब बाजूला १००० पिक्सेलचे ठेवा, ३०० डीपीआयने त्याची जेमतेम सव्वातीन इंचांची प्रिंट निघते. पूर्ण फाइल देताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारख्या पाठवू नका, त्या आकसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लिंक द्या. नाहीतर लोक त्याच आकसलेल्या फोटोची मोठी प्रिंट काढतात आणि कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

आता ग्रुपवर काय लिहायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि पैशांच्या बाबतीत गुळमुळीत लिहिलं की समोरच्याला ते ऐच्छिक वाटतं. ‘काहीतरी द्या, तुमच्या इच्छेप्रमाणे’ असं अजिबात लिहू नका, त्याने देणाराही अवघडतो. मी असं लिहीन :

‘नमस्कार. पुढच्या हंगामात मी आपल्या संघाच्या पाच सामन्यांचे फोटो आणि एक ग्रुप फोटो काढणार आहे. हंगामात प्रत्येक मुलाचे किमान आठ फोटो पूर्ण आकारात मिळतील, प्रत्येक सामन्याचे सात दिवसांच्या आत. यासाठी प्रत्येक घरामागची रक्कम खाली दिली आहे, ती हंगाम सुरू होण्याआधी व्यवस्थापकांकडे द्यावी. प्रिंट हव्या असतील तर त्यांचे दर सोबत आहेत. आपल्या मुलाचे फोटो ग्रुपवर नको असतील त्यांनी मला वेगळं कळवावं. उरलेल्या सामन्यांना मी प्रेक्षक म्हणून येणार आहे, तेव्हा कॅमेरा घरी असेल.’

हा मेसेज टाकण्याआधी प्रशिक्षकांना आणि दोन-तीन पालकांना फोन करा. मागच्या वेळी सगळे गप्प बसले ते त्यांना पटलं नव्हतं म्हणून असं मी मानणार नाही. ग्रुपवर पहिल्यांदा बोलायला कोणी धजत नाही. तुमच्या मेसेजखाली लगेच दोन ‘चालेल’ आले की बाकीचे येतात.

ज्यांनी ‘पैसे कसले?’ विचारलं त्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नका, मैदानावर भेटलात की बाजूला घेऊन बोला. त्यांचा प्रश्न मला सगळाच चुकीचा वाटत नाही. दोन वर्षं जे मोफत मिळत होतं त्याला अचानक किंमत लागली, आणि कशाची ते कोणी सांगितलं नाही. त्यांना तासांचा हिशेब देत बसू नका. एवढंच सांगा की आतापर्यंत जसे जमतील तसे काढले, आता प्रत्येक मुलाचे काढायचे आहेत, तुमच्या मुलाचेही. त्यांचा मुलगा कोणत्या जागी खेळतो आणि त्याचे आतापर्यंत किती चांगले फोटो आलेत, हे भेटण्याआधी एकदा बघून जा.

आणि मागच्या दोन हंगामांचे फोटो मोफतच राहू द्या. त्यांना आता दर लावू नका, कोणी त्यातली फाइल मागितली तर पूर्ण आकारात देऊन टाका, प्रिंट मागितली तर नव्या दराने. नवा ठराव पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून.

तुमची,
सल्ला सदर लेखिका